उभी बैठक

माणसाने कोणत्या वयात काय व्हावे याचे काही संकेत आहेत. विसाव्या वर्षी कवी व्हावे, तिसाव्या वर्षी नवरा व्हावे, चाळिसाव्या वर्षी चष्मेवाले व्हावे आणि पन्नाशी उलटल्यावर फक्त आजोबा व्हायचे शिल्लक ठेवावे. मी मात्र चोपन्नाव्या वर्षी चपळ झालो. स्वतःच्या इच्छेने नव्हे, ऑफिसच्या परिपत्रकाने. ‘येत्या एक तारखेपासून आपली संपूर्ण कंपनी अ‍ॅजाइल होत आहे, सर्वांनी नोंद घ्यावी,’ असे त्यात होते. मी नोंद घेतली आणि शब्दकोश उघडला. अ‍ॅजाइल म्हणजे चपळ. परिपत्रक घरी नेऊन बायकोला दाखवले. तिने एकदा कागदाकडे पाहिले, एकदा माझ्या पोटाकडे पाहिले आणि विचारले, "सगळ्यांना सक्तीचं आहे?"

आमची कंपनी पुण्यात. साखर कारखान्यांना लागणारे सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. शेतकऱ्याने उसाची नोंद केल्यापासून त्याच्या खात्यावर बिल जमा होईपर्यंत जे जे काही कागदावर चालायचे, ते ते आम्ही पडद्यावर आणले. मी मूळचा कुंडलचा, सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातला. त्यामुळे ऑफिसात ऊस या विषयावरचा अंतिम शब्द माझा, असा एक गैरसमज होता. तो पसरवण्याचे काम मी बारा वर्षे निष्ठेने केले. त्याच्या जोरावर मला नोंदणी विभागाचे प्रमुखपद, खिडकी असलेली केबिन आणि दारावर नावाची पाटी मिळाली होती.

चपळाईचा पहिला दणका बसला तो खुर्च्यांना. रोज सकाळी साडेनऊला ‘स्टँड-अप मीटिंग’ सुरू झाली. मीटिंगला मराठीत बैठक म्हणतात, म्हणजे ही उभी बैठक. आता कुंडलच्या माणसाला बैठकीचे कौतुक सांगायला नको. आमच्या गावचे कुस्तीचे मैदान नावाजलेले. पहाटे उठून जोर-बैठका काढणारी पोरे बघतच आम्ही मोठे झालो. पण त्या बैठकीत माणूस निदान अर्धा वेळ खाली तरी जातो! इथे नुसते उभे. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: काल काय केले, आज काय करणार आणि अडचण काय आहे. पंधरा मिनिटांत खेळ खलास व्हायला हवा. माणसे उभी असली की लवकर आटपतात, असे त्यामागचे शास्त्र. ज्याने हे शास्त्र लिहिले त्याने मराठी माणसांना लग्नाच्या मांडवाबाहेर उभ्याने बोलताना पाहिलेले नसावे. आमची उभी बैठक पन्नास मिनिटे चाले. विसाव्या मिनिटाला माणसे भिंतीला टेकत, तिसाव्याला खिडकीच्या कट्ट्यावर डोळा ठेवत आणि चाळिसाव्याला माझा गुडघा स्वतंत्रपणे अडचण सांगू लागे.

हे सगळे शिकवायला एक सव्वीस वर्षांची मुलगी नेमली होती. तिचा हुद्दा ‘स्क्रम मास्टर’. आम्ही तिला स्क्रममास्तरीण म्हणत असू. पोरगी हुशार, आणि मुख्य म्हणजे आमच्या चेष्टेला पुरून उरणारी. तिने आम्हाला इतिहास सांगितला. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्ड या बर्फाळ ठिकाणी सॉफ्टवेअरवाली सतरा माणसे जमली आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. त्याचा मथितार्थ असा, की नियम आणि अवजारे यांच्यापेक्षा माणसे आणि त्यांचे बोलणे महत्त्वाचे. जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारी वस्तू महत्त्वाची. करारावरच्या घासाघिशीपेक्षा गिऱ्हाइकाला सोबत घेणे महत्त्वाचे आणि ठरल्या योजनेला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला तोंड देणे महत्त्वाचे. ‘स्क्रम’ हा शब्द रग्बीतला. दोन जपानी प्राध्यापकांनी १९८६ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिले होते, की नवी वस्तू करायची तर शर्यतीतल्यासारखी काठी एकाने दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळे होऊ नये, रग्बीच्या संघासारखे सगळ्यांनी मिळून, चेंडू एकमेकांना देत पुढे सरकावे. मी रग्बीची चित्रफीत पाहिली. स्क्रममध्ये दोन्हीकडचे गडी मुंडी खाली घालून एकमेकांत घुसतात आणि चेंडू कुठे आहे ते बाहेरच्याला कळत नाही. मला वाटले, हे तर आमचे आधीपासून चालूच आहे.

त्याआधीची आमची रीत धबधब्याची. वरच्या पायरीवरचे काम संपले की पाणी खालच्या पायरीवर, वर जायची सोय नाही. आधी वर्षभर कागद लिहायचे, मग वर्षभर सॉफ्टवेअर लिहायचे आणि शेवटी गिऱ्हाइकाला दाखवून त्याचा चेहरा बघायचा. या रीतीचे मूळ म्हणून जो लेख दाखवतात तो विन्स्टन रॉइस यांचा, १९७० सालचा. गंमत अशी, की त्यांनी ते पायऱ्यांचे चित्र काढले आणि लगेच ही रीत धोक्याची आहे असेही लिहिले. लोकांनी चित्र घेतले, मजकूर सोडला. सत्यनारायणाच्या पोथीचेही आपण असेच करतो. प्रसाद घेतो, कथा सोडतो.

नव्या रीतीत काम पंधरा-पंधरा दिवसांचे. त्याला ‘स्प्रिंट’ म्हणायचे. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्याचे शुद्ध पक्ष आणि वद्य पक्ष असे नामकरण केले. राहिलेल्या कामांच्या यादीला ‘बॅकलॉग’ म्हणतात. हा शब्द मात्र आम्हाला शिकवावा लागला नाही. बॅकलॉग म्हणजे अनुशेष, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या बातम्या वाचून मोठ्या झालेल्या मराठी माणसाला एवढे पक्के ठाऊक असते, की अनुशेषाचा अहवाल येतो, अनुशेष जात नाही. प्रत्येक कामाची एक रंगीत चिठ्ठी. ती फलकावर ‘करायचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ अशा रकान्यांतून सरकवायची. सहा महिन्यांत आमच्या ‘झाले’च्या रकान्यात जागा उरली नाही. मोठे साहेब खूश होते. आम्ही चपळ झालो होतो.

आणि जानेवारीत एक फोन आला.

फोन दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा होता. आमचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या एका कारखान्याचा तो सभासद. माझा नंबर त्याने कुठून मिळवला देव जाणे. आवाजात चीड नव्हती. तो म्हणाला, "साहेब, एक विचारायचं होतं. शेतात माझ्या उसाला तुरा आलाय, आणि तुमच्या कॉम्प्युटरात तो अजून कवळा आहे म्हणतात. दोघांतला खरा ऊस कुठला?"

हसू आले, पण पुरते आले नाही. चौकशी केली. त्याची आडसाली लागण, जुलैमधली. नोंद झाली ऑक्टोबरात. माझ्या विभागाच्या पडद्यावर नुसता ‘तारीख’ असा एक रकाना होता. आमच्या लेखी ती नोंदीची तारीख. तोडणी विभागाने तीच लागणीची तारीख समजून उसाचे वय काढले. अठरा महिन्यांचा ऊस कॉम्प्युटरात पंधरा महिन्यांचा झाला आणि त्याची तोड मार्चअखेर गेली. तुरा आलेला ऊस फार काळ उभा ठेवला की आत दशी पडते, वजन घटते, साखर उतरते. दीड वर्ष पाणी, खत आणि सोसायटीचे कर्ज घातलेले पीक ते. चिटबॉयकडे गेला की तो म्हणे, कॉम्प्युटरात पाळी नाही. शेती ऑफिसात गेला की तेही तेच म्हणत.

दुसऱ्या दिवशी उभ्या बैठकीत मी विषय काढला. आमच्या मुलांनी फलक दाखवला: ‘तारीख रकाना’ ही चिठ्ठी ‘झाले’मध्ये होती, चार महिन्यांपूर्वीच. तोडणीवाल्यांच्या फलकापाशी गेलो. ‘वय काढणे’ ही चिठ्ठी तिथेही ‘झाले’मध्येच. कारण आमच्याकडे फलकही एक नव्हता. नोंदणी, तोडणी, वाहतूक, वजनकाटा आणि बिल असे आमचे पाच विभाग. पाच प्रमुख, पाच केबिनी आणि आता पाच कोपऱ्यांत पाच उभ्या बैठका. पाचांचे काम बरोबर होते. चुकला होता तो फक्त ऊस.

मी त्या कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांना फोन करून त्या एका शेतकऱ्याची पाळी हाताने पुढे घ्यायला सांगितले, आणि संक्रांतीला कुंडलला गेलो. मन रमत नव्हते. सारखे वाटत होते, असे उभे ऊस आणखी किती?

घरी आमच्या तात्यांचीच तोड चालू होती. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वय ऐंशी, पण उसाच्या फडात आजही सगळ्यांच्या आधी. सकाळी मला म्हणाले, "चल, फडात येतोस का? का तुमच्या पुण्यात ऊस फक्त रसवंतीतच बघायचा असतोय?"

बांधावर चौघे जमले: तात्या, बीडकडच्या टोळीचा मुकादम, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आणि चिटबॉय. अर्थात उभेच. बांधावर खुर्च्या नसतात.

मुकादम म्हणाला, "दोन कोयते कमी हायेत आज. एकीचं लेकरू तापलंय."

"लेकराला आधी दवाखान्यात न्या. आमचं पोरगं सोडंल मोटारसायकलवर," तात्या म्हणाले. "फुडं?"

ड्रायव्हर म्हणाला, "खालच्या अंगाला वल हाय. ट्रॉली रुतंल."

चिटबॉय म्हणाला, "आज दोनच खेपा धरा."

"मग वरच्या अंगानं लावा. आन् दोन खेपांपुरताच पाडा. पाडून वाळवत ठेवायचा न्हाई."

संपले. चार मिनिटे. कोणी काल काय केले ते सांगितले नाही, कारण कालचे काम समोर रिकाम्या सरीत दिसत होते. कोणाच्या हातात चिठ्ठी नव्हती. आणि ‘अडचण काही नाही’ असे एकानेही म्हटले नाही. आमच्या ऑफिसात सहा महिने रोज सगळे तेच म्हणत होते. तोडलेला ऊस वाळायच्या आत काट्यावर गेला पाहिजे, ही एकच गोष्ट चौघांच्याही डोक्यात होती. जेवढा वाहता येईल तेवढाच पाडायचा. ही अक्कल जपानातल्या टोयोटाच्या कारखान्यातून जगभर गेली असे आम्हाला शिकवले होते. ती आमच्या बांधावर कोणत्या गाडीने आली, कुणास ठाऊक.

रात्री जेवणानंतर तात्यांना मोबाइलवर आमचे अ‍ॅप दाखवले. आत थोडा अभिमान होताच. तात्यांनी चष्मा चढवला आणि बोटाने चाचपत गेले.

"हितं नाव-गाव घातलं. मग हितं पुन्यांदा का इचारतंय?"

"ते तोडणीचं आहे, तात्या. वेगळा विभाग."

"आन् ह्ये?"

"ते वाहतुकीचं."

पाचव्यांदा गट नंबर विचारल्यावर तात्यांनी मोबाइल खाली ठेवला. म्हणाले, "आरं, ही तर एका घरात पाच जावा आन् पाच चुली झाल्या. पावणा मातूर एकच. त्यानं पाच ठिकाणी नाव सांगून पाच पंगतीला बसायचं व्हय?"

काकी आतून म्हणाल्या, "आन् तरी उपाशीच उठायचं!"

मी गप्प. मग तात्यांनी हळूच विचारले, "ह्ये करताना कुणा शेतकऱ्याला दावलं हुतं का?"

मी म्हणालो, "तात्या, मीच शेतकऱ्याचा मुलगा ना!"

"व्हय. तीस वर्सं पुण्यात ऱ्हायलेला."

मग तात्यांनी किर्लोस्करांची गोष्ट काढली. आमच्या गावात दुसऱ्याला शहाणे करायचे झाले की ती काढतातच, कारण गोष्ट घडली ती आमच्या शेजारी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. माळावर त्या वेळी निवडुंग आणि साप. स्टेशनचे नावही कुंडल रोड होते. किर्लोस्करवाडी हे नंतरचे.

"नांगर चांगलाच हुता," तात्या म्हणाले. "पर नांगर तयार झाला म्हंजी काम झालं न्हवं. शेतकऱ्याच्या मनातलं भ्या निघालं तवा काम झालं. तुमच्या त्या फळ्यावर ‘झालं’ कवा लिवत्यात?"

मी खरे ते सांगितले, "आमचं काम संपलं की."

तात्या फक्त "हं" म्हणाले. त्या ‘हं’मध्ये माझी बारा वर्षे मावली.

त्या रात्री मला आजोबा आठवले. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार होते. क्रांतिसिंह नाना पाटील त्याचे नेते, आणि कुंडल हे त्याचे मोठे ठाणे. तुफान सेना इथली. तिचे जी. डी. बापू लाड इथले. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ गाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम लुटली ती याच मंडळींनी. गावोगावी गट होते, त्यांची न्यायदान मंडळे होती, बिनखर्चाची लग्ने लावली जात होती. भूमिगतांना फलकावर चिठ्ठ्या लावायची सोय नव्हती, लावल्या असत्या तर पोलिसांची मोठीच सोय झाली असती. एका गटाला दुसऱ्याचा ठावठिकाणा ठाऊक नसे. आमचे आजोबा रात्री शेतात भाकरी पोचवायचे. कोण खाणार हे त्यांना माहीत नसायचे. भाकरी कोणत्या झाडाखाली ठेवायची एवढाच निरोप. पण ती कशासाठी ठेवायची, हे मात्र पक्के माहीत होते. आमच्याकडे बरोबर उलटे होते. कोण काय करतो याच्या चिठ्ठ्या भिंतभर. कशासाठी करतो, हे कुणी विचारले तर पाच उत्तरे आली असती.

पुण्याला परतल्यावर तात्यांच्या पाच चुली स्क्रममास्तरणीला सांगितल्या. ती हसली नाही. म्हणाली, "सर, हा तर कॉन्वेचा नियम!" मेल्विन कॉन्वे नावाच्या गृहस्थांनी १९६८ साली लिहून ठेवले आहे, की संस्थेतली माणसे एकमेकांशी जशी बोलतात, तशीच त्या संस्थेने बनवलेली वस्तू होते. पाच विभाग एकमेकांशी बोलत नसतील तर सॉफ्टवेअरचेही पाच तुकडे होतात, आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. मी म्हणालो, "मग उपाय काय?" ती म्हणाली, "चुली मोडायच्या. उसाच्या वाटेने माणसं बसवायची. एका गटात नोंदणीचा एक, तोडणीचा एक, काट्याचा एक, बिलाचा एक. लागणीपासून बिलापर्यंत त्या शेतकऱ्याची सगळी जबाबदारी त्या गटाची." मग जरा थांबून म्हणाली, "हे मी पहिल्या महिन्यातच सुचवलं होतं, सर. तुम्ही पाचही जण नको म्हणालात."

म्हणालो होतो. कारण चुली मोडायच्या म्हणजे चुलीचे मालकही मोडायचे. विभागच नसेल तर विभागप्रमुख कशाचा? चोपन्नावे वर्ष, घराचे हप्ते चालू, मुलीचे शेवटचे वर्ष, आणि बाजारात माझ्या वयाच्या माणसाला काय भाव आहे हे मला चांगले ठाऊक. दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी बायकोला सगळे सांगितले. ती म्हणाली, "त्या माणसाचा ऊस गेला का?" मी म्हणालो, "अजून नाही." ती म्हणाली, "मग तू कशाला केबिनमध्ये उभा आहेस?"

मोठ्या साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, माझ्यापासून सुरुवात करा. साहेबांनी शांतपणे ऐकले आणि ताबडतोब एक समिती नेमली. पण समितीत मास्तरीण होती, त्यामुळे दोन पक्षांत, एक शुद्ध आणि एक वद्य, निर्णय झाला. पाच विभागांचे चार गट झाले. दोन प्रमुख अजून माझ्याशी बोलत नाहीत. लिफ्टमध्ये भेटले की मजल्याचे आकडे वाचतात. माझी केबिन आता बैठकीची खोली आहे. पाटी घरी आणली. बायकोने ती स्वयंपाकघराच्या दारावर लावू का म्हणून विचारले.

पहिल्या पंधरवड्यात आमच्या गटाने एकच काम केले. ‘तारीख’ हा रकाना काढून ‘लागणीची तारीख’ आणि ‘नोंदीची तारीख’ असे दोन रकाने केले. सगळ्या नोंदी उलट्या तपासल्या. असे कवळे ठरलेले ऊस आणखी निघाले. कारखान्याला यादी दिली, पाळ्या बदलल्या. चिठ्ठी ‘झाले’मध्ये सरकवायला एक मुलगा निघाला, तर मास्तरणीने त्याला थांबवले. आमच्याकडे आता नियम आहे: शेतकऱ्याला फोन करून विचारल्याशिवाय ‘झाले’ म्हणायचे नाही.

पहिला फोन मीच केला. त्या शेतकऱ्याचा ऊस जानेवारीअखेर तुटला होता. "गेला, साहेब," तो म्हणाला. "बसायला हवं होतं तेवढं वजन बसलं नाही. पण गेला." मी माफी मागितली. त्याला ती सवय नसावी. बराच वेळ फोनवर काही आलेच नाही. मग म्हणाला, "पुढच्या सालाचं बघा."

आमची उभी बैठक आता बारा मिनिटांत संपते. गुडघा कुरकुरतो, पण त्याचीही ‘अडचण’ म्हणून रीतसर नोंद होते. तात्यांचा अधूनमधून फोन येतो. "काय रं, उभा हाईस का बसलास?" मी म्हणतो, "उभा आहे, तात्या." तात्या म्हणतात, "मग लवकर आटप. खेप खोळंबंल."

परवा दुसरा एक फोन आला. नंबर ओळखीचा वाटला. तो माणूस नवीन लागणीची नोंद करून नुकताच गट ऑफिसातून बाहेर पडला होता. म्हणाला, "साहेब, मुद्दाम फोन केला. यंदा माझा ऊस दोन्हीकडं एकाच वयाचा आहे."